केसपेपरवर काम लिहा

महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन आपल्याकडे एकाच तारखेला येतात आणि मे महिन्याच्या पहिल्या मंगळवारी जागतिक दमा दिन. झेंडावंदन होईल, हुतात्म्यांना अभिवादन होईल, मंगळवारी एखाद्या दवाखान्यात श्वास मोजण्याचे यंत्र मांडून मोफत तपासणीचे शिबिर भरेल. कामगार दिनाच्या भाषणात दम्याचा उल्लेख येत नाही आणि दमा दिनाच्या शिबिरात कामाचा. रत्नागिरी जिल्ह्याने तरी ही फारकत यापुढे चालू देऊ नये, असे आम्हाला मनापासून वाटते.

मुंबई-गोवा महामार्गावरून खेड मागे टाकून चिपळूणकडे निघालेला माणूस परशुराम घाटाआधी लोट्याची औद्योगिक वसाहत आल्याचे नाकानेच ओळखतो. गाडीच्या काचा वर जातात, थोड्या वेळात घाट लागतो आणि तो वास विसरला जातो. आत काम करणाऱ्याची पाळी आठ तासांची असते, बदली आला नाही तर दुप्पट. कीटकनाशके, औषधांचे कच्चे घटक, रंगांना आणि रेझिनना लागणारी रसायने या वसाहतीत तयार होतात. खेड, चिपळूण, गुहागरच्या कितीतरी घरांत चूल तिच्यामुळे पेटते. बिहार, उत्तर प्रदेश, झारखंडातून आलेली मुले ठेकेदाराच्या हजेरीवर तिथे राबतात. हे कारखाने नकोत असे म्हणणाऱ्यांपैकी आम्ही नाही. पण त्या कामाची जी किंमत माणसाच्या छातीतून वसूल होते, ती कुठेच लिहिली जात नाही, आणि हे आम्हाला सहन होत नाही.

स्फोट झाला की तो लिहिला जातो. २० मार्च २०२१ रोजी लोट्यातल्या घरडा केमिकल्समध्ये स्फोट झाला, कामगार दगावले. महिना उलटायच्या आत, १८ एप्रिलला, त्याच वसाहतीत दुसऱ्या कारखान्यात स्फोट होऊन पुन्हा मृत्यू झाले. १२ डिसेंबर २०२४ रोजी जयगड परिसरात वायुगळती झाली आणि शाळेतली मुले डोळे चोळत, धापा टाकत रुग्णालयात पोचली. या तिन्ही घटनांना तारीख आहे, पंचनामा आहे, चौकशीची मागणी आहे, पुढाऱ्यांच्या भेटी आहेत. पण चार-पाच वर्षे एकाच प्लांटवर पोती फोडून रिॲक्टरमध्ये पावडर टाकणाऱ्या हेल्परला रात्री दोन वाजता उठून खिडकीशी बसावे लागते, त्या घटनेला तारीख नसते. तो सकाळी मेडिकलमधून खोकल्याचे औषध घेतो आणि पाळीवर जातो.

कामामुळे होणारा दमा दोन वाटांनी येतो. एक वाट एकाच दिवसाची: क्लोरीन, अमोनिया किंवा आम्लाची वाफ एकदम मोठ्या प्रमाणात छातीत गेली की चोवीस तासांच्या आत श्वासनलिका चिडतात, आणि काहींच्या बाबतीत त्या पुढे महिनोन्महिने, वर्षानुवर्षे चिडलेल्याच राहतात. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९८५ मध्ये या प्रकाराचे स्वतंत्र वर्णन केले. इथे निदान कामगाराला तो दिवस तरी आठवतो.

दुसरी वाट फसवी आहे. माणूस रसायनाशी महिने, कधी वर्षे बिनतक्रार काम करतो. त्या काळात शरीर आतल्या आत त्या पदार्थाला शत्रू मानायला शिकत असते. मग एके दिवशी पाळी संपताना छाती भरल्यासारखी वाटते, रात्री खोकला येतो, पहाटे घरघर सुरू होते. पुष्कळदा त्रास कामाच्या जागी होत नाही, काही तासांनी, घरी गेल्यावर होतो. त्यामुळे कामगार दोष देतो पंख्याला, पावसाळी हवेला, रात्रीच्या मासळीला. फोमला आणि रंगाच्या फवारणीला लागणारी आयसोसायनेट रसायने, रेझिनमधले आम्लांचे ॲनहायड्राइड, काही रिॲक्टिव्ह रंग, पेनिसिलिनसारख्या औषधांची भुकटी, ही या प्रकारातली जगभर ओळखली गेलेली कारणे आहेत. आणि एकदा शरीराने वैर धरले की हवेतले प्रमाण कायद्याने ठरवलेल्या मर्यादेच्या कितीही खाली असो, त्या माणसाला तेवढेही पुरते. म्हणूनच 'आमचे रीडिंग मर्यादेत आहे' हे कारखान्याचे उत्तर खरे असूनही त्या कामगाराच्या उपयोगाचे नसते.

हा प्रश्न लोट्यापुरता नाही. मिरकरवाडा बंदराच्या आसपास बर्फाचे कारखाने आहेत आणि बर्फाचा कारखाना म्हणजे अमोनिया. कोलंबी काळी पडू नये म्हणून तिला जे सल्फाइटचे पाणी देतात, त्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो आणि बंद जागेत तो छाती आवळतो. कोलंबी, खेकडे उकडताना, सोलताना वाफेबरोबर उडणारे त्यांचे कणही दम्याचे कारण ठरतात, हे जगभरच्या मासळी प्रक्रिया उद्योगात दिसून आले आहे. या कामांवर बहुतांशी बायका आहेत. काजू भाजण्याच्या धुरात टरफलातले तेल जळते. तो धूर घशात आणि डोळ्यांत कसा उतरतो, हे गावागावातल्या काजू फोडणाऱ्या बायकांना विचारावे. हापूसच्या बागेत मोहर आल्यापासून औषधाचे पंप मारले जातात. त्यातली ऑर्गनोफॉस्फरस गटातली कीटकनाशके श्वासनलिका आवळणारी असतात, आणि पंप मारणारा गडी तोंडाला फडके बांधून झाडाखाली उभा असतो. या दिवसांत घरोघरी आंब्याच्या पेट्या येतात, तेव्हा त्याची आठवण कुणी काढत नाही.

कोकणाला हे नवे नाही, आणि हेच आम्हाला जास्त बोचते. आपले आजे-पणजे बोटीने मुंबईला गेले आणि लालबाग-परळच्या गिरण्यांत राबले. ब्लो रूम आणि कार्डिंग खात्यातली कापसाची धूळ त्यांच्या फुप्फुसात साचत गेली. या आजाराचे नाव बिसिनोसिस. त्याची खूण अशी की सुट्टीनंतर कामावर गेले की पहिल्याच दिवशी छाती आवळते आणि पुढच्या दिवसांत थोडी सैलावते. वर्षे गेली की आवळलेलीच राहते. केईएम रुग्णालयाचे डॉ. एस. आर. कामत यांच्यासारख्या छातीरोगतज्ज्ञांनी गिरणी कामगारांच्या फुप्फुसांचा अभ्यास केला, आजार कायद्याच्या यादीत होता, भरपाईची तरतूद होती. तरीही कितीतरी गिरणी कामगार तो खोकला घेऊन गावी परतले आणि घरच्यांनी त्याला विडीचा खोकला मानले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, मग गिरण्या बंद पडत गेल्या आणि छातीचा प्रश्न थकलेल्या देण्यांच्या आणि घरांच्या प्रश्नाखाली दबून गेला. मनीऑर्डरी पोस्टाच्या वहीत लिहिल्या गेल्या, छातीत गेलेली धूळ कुठल्याच वहीत आली नाही. आता त्या घरांतली नातवंडे मुंबईला न जाता लोट्याला जातात.

कुठल्याही ओपीडीतला केसपेपर पाहा. नाव, वय, लिंग, पत्ता. फार तर 'नोकरी' किंवा 'मजुरी' एवढा एक शब्द. बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० मध्ये कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला आणि वैद्यांना सांगितले की रुग्णाला जे प्रश्न आजवर विचारत आलात त्यांत आणखी एक वाढवा: तू काम काय करतोस? सव्वातीनशे वर्षे झाली. खेड-चिपळूणच्या डॉक्टरांना आम्ही दोष देत नाही. एका सकाळी साठ-सत्तर रुग्ण समोर असताना, बाहेर रांग असताना, प्रत्येकाच्या प्लांटची हकीकत ऐकायला वेळ कुठला? पण दम लागतो म्हणून आलेल्या, विशी-तिशी-चाळिशीतल्या माणसाला तीन प्रश्न विचारायला दोन मिनिटे पुरतात. काम नेमके काय, कोणती रसायने हाताळता? सुट्टीच्या दिवशी बरे वाटते का? गावी आठ-पंधरा दिवस गेलात की त्रास थांबतो का? अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या छातीरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१९ मध्ये एकत्रितपणे असा अंदाज मांडला की मोठ्या माणसांतल्या दम्यापैकी सुमारे १६ टक्के दमा कामाच्या जागेमुळे असतो. म्हणजे साधारण सहांत एक. रसायनांच्या वसाहतीशेजारच्या दवाखान्यात हा प्रश्न न विचारणे परवडण्यासारखे नाही.

कायद्यात काय आहे ते कामगारांनी आणि डॉक्टरांनी दोघांनी नीट पाहावे. भोपाळच्या वायुकांडानंतर १९८७ मध्ये १९४८ च्या कारखाना अधिनियमात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रियेत काम करणाऱ्याची कामावर घेण्याआधी आणि नंतर दर बारा महिन्यांच्या आत तपासणी झाली पाहिजे, त्याच्या आरोग्याची नोंद ठेवली पाहिजे आणि ती त्याला पाहता आली पाहिजे, असे त्यात आले. त्याच अधिनियमात २९ आजारांची एक यादी आहे. तसा रुग्ण आढळला तर कारखान्याच्या व्यवस्थापकाने आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरनेही सरकारला कळवायचे असते. त्या यादीत बिसिनोसिस आहे, आयसोसायनेटची विषबाधा आहे, पण कामामुळे होणारा दमा या नावाची नोंद नाही. उलट नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्यात आणि राज्य कामगार विमा कायद्यात, कामाच्या प्रक्रियेतल्या संवेदना जागवणाऱ्या पदार्थांमुळे होणारा दमा स्पष्ट शब्दांत व्यावसायिक आजार म्हणून मान्य आहे. म्हणजे भरपाई मागायचा हक्क आहे, पण ज्या नोंदीच्या आधारे ती मागायची, ती नोंद करण्याची सक्ती त्याच ठळकपणे नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. जुन्या याद्या नव्या कायद्यांत आल्या, पण ही फट बुजवली गेली नाही. घातक उद्योगांतल्या कामगारांना दरवर्षी मोफत तपासणी मिळेल, असे केंद्र सरकारने जाहीर केले आहे. ते आम्ही स्वागतार्ह मानतो. मात्र वर्षातून एकदा, दिवसाढवळ्या, तिथल्या तिथे नळीत फुंकर मारून घेतली आणि आकडा बरा आला, एवढ्यावर दमा नाही असे म्हणता येत नाही. हा दमा चढ-उताराचा आजार आहे. तो पकडायचा तर पीक-फ्लो मीटर नावाची साधी नळी कामगाराच्या हातात द्यावी लागते. कामाच्या आणि सुट्टीच्या दिवसांत, दिवसातून किमान चार वेळा, दोन-चार आठवडे तो आकडे लिहून काढतो. कामाच्या दिवसांत खाली, सुट्टीत वर अशी रेघ निघाली की डॉक्टरच्या हातात पुरावा येतो. नळी महाग नाही. पण ती वही भरून घ्यायला, तपासायला आणि त्या कागदावर सही करायला कुणीतरी लागतो.

आणि सही करायला कचरतात, त्यालाही कारण आहे. या दम्यावर पंप आहेत, गोळ्या आहेत. पण खरा उपाय एकच, त्या पदार्थापासून लांब जाणे. जितक्या लवकर जाल तितकी फुप्फुसे सावरण्याची आशा जास्त. पंप घेत घेत त्याच प्लांटवर पाच वर्षे काढली तर पुढे काम सोडूनही दमा सुटत नाही. आता हे त्या हेल्परच्या जागी उभे राहून ऐका. लांब जाणे म्हणजे त्याच्यासाठी हजेरी जाणे. घराचा हप्ता आहे, मुलीची फी आहे, गावी आईचे औषध आहे. दमा आहे असे कागदावर आले की ठेकेदार दुसऱ्या दिवशी गेटवरून परत पाठवील, ही भीती त्याने कुठून आणलेली नाही. शेजारच्या खोलीतल्या माणसाचे काय झाले ते त्याने पाहिलेले असते. म्हणून तो तपासणीच्या दिवशी पंप ओढून जातो आणि डॉक्टरने विचारले तर 'काही त्रास नाही' म्हणतो. कंपनी बदलतो, ठेकेदार बदलतो, आणि त्याच्याबरोबर कुठलीही नोंद जात नाही. नव्या जागी तो पुन्हा नवा, निरोगी कामगार. आजारी असलेला प्रत्येक जण असा गेटबाहेर गेला की आत उरतात ते सगळे धडधाकट, आणि कारखान्याचे आरोग्याचे तक्ते स्वच्छ दिसतात.

त्यामुळे आमची पहिली मागणी डॉक्टरांकडे नाही, कारखानदारांकडे आहे. ज्याला कामामुळे दमा झाला त्याला त्याच पगारावर दुसऱ्या खात्यात काम द्या: स्टोअरमध्ये, पॅकिंगला, गेटवर, जिथे ते रसायन नाही तिथे. ठेक्यावरच्या माणसालाही. एवढी हमी मिळाली तरच तो तोंड उघडेल. लोट्यातल्या उद्योजकांच्या संघटनेने हे स्वतःहून ठरवले तर सरकारच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.

आजार मुळातच होऊ नये यासाठीच्या गोष्टी कारखान्यातले इंजिनियर आमच्यापेक्षा चांगल्या जाणतात. पोते हाताने फोडून रिॲक्टरच्या तोंडाशी ओतण्याऐवजी बंद नळीतून चार्जिंग, जिथे वाफ उठते तिथेच ती ओढून घेणारी व्यवस्था, चालू स्थितीतला स्क्रबर, आणि शक्य तिथे घातक पदार्थाला पर्याय. मास्क शेवटी येतो. आपल्याकडे तो पहिला येतो, आणि तोही बहुधा चुकीचा. कापडी मास्क किंवा धुळीचा मास्क वायू अडवत नाही. त्या वायूसाठी नेमलेले कार्ट्रिज लागते, ते ठरलेल्या मुदतीत बदलावे लागते. शिवाय एप्रिल-मेच्या कोकणातल्या घामट उकाड्यात रबरी मास्क लावून आठ तास काम करणे किती अवघड आहे, हे ऑफिसातून फतवा काढणाऱ्यांनी एकदा स्वतः लावून पाहावे. युरोपात २४ ऑगस्ट २०२३ पासून आयसोसायनेट हाताळणाऱ्या प्रत्येक कामगाराला प्रशिक्षण घेतल्याशिवाय त्या पदार्थाला हात लावता येत नाही. ब्रिटनमध्ये छातीरोगतज्ज्ञ १९८९ पासून कामाशी जोडलेल्या श्वसनविकारांची स्वेच्छेने नोंद पाठवतात, आणि त्यामुळे कुठल्या धंद्यात कोणता पदार्थ माणसांना आजारी पाडतो आहे हे तिथे आकड्यांनिशी सांगता येते. तिथले डॉक्टर इथल्यांपेक्षा हुशार आहेत असे नाही. त्यांनी लिहून ठेवले, इतकेच.

आपल्या जिल्ह्यात हे करता येण्याजोगे आहे. रत्नागिरीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, डेरवणला वालावलकर रुग्णालयाचे महाविद्यालय आहे. या दोन्ही ठिकाणी आठवड्यातून एक दिवस कामाशी संबंधित छातीच्या आजारांची ओपीडी चालवावी, तिथल्या विद्यार्थ्यांनी लोट्यात, मिरजोळ्यात, मिरकरवाड्यात जाऊन पीक-फ्लोच्या वह्या भरून घ्याव्यात. मुंबईत सायनला सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूट आहे, अहमदाबादला राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था आहे. मार्गदर्शनाला माणसे आहेत. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने दम्याचा प्रत्येक संशयित रुग्ण कळवण्याचे परिपत्रक काढावे. राज्य सरकारने हा आजार कळवायच्या यादीत नावानिशी घालण्यासाठी केंद्राकडे आग्रह धरावा. आणि जिल्हा शल्यचिकित्सकांना आमची विनंती साधी आहे: सरकारी रुग्णालयांच्या केसपेपरवर 'काम' नावाचा एक रकाना छापून घ्या. जिल्ह्यातले खासगी डॉक्टर तो आजपासून पेनाने आखू शकतात.

मे महिना ही त्यासाठी सगळ्यात सोयीची वेळ आहे. लग्नसराईसाठी, भातशेतीच्या तयारीसाठी, सुट्टीसाठी या दिवसांत कामगार आपापल्या गावी जातात. कुणी राजापूरला, कुणी थेट बिहारला. पंधरा-वीस दिवस तो प्लांट, ते पोते, तो वास त्यांच्या आसपास नसतो. जाण्याआधी रात्री किती वेळा उठावे लागते, पंप किती वेळा ओढावा लागतो, हे एका कागदावर लिहा. गावी असताना रोज लिहा. परत येऊन कामावर रुजू झालात की पहिले दोन आठवडे पुन्हा लिहा, सोबत कोणत्या प्लांटवर होता आणि काय हाताळले तेही. तो कागद घेऊन जूनमध्ये डॉक्टरकडे जा. डॉक्टरांनी तो वाचून केसपेपरला जोडावा.